पितृछत्राविना वाढणारा मुलगा आणि आईचा अधिकार

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके मुख्यत्वे आदिवासी वस्तीचे होत. तेथील मुस्लिम समाज संख्येने अल्प आहे आणि जे संख्येने अल्प, त्यांचे प्रश्न सहज नजरेआड होतात. पतीच्या निधनानंतर, तलाकनंतर वा पतीने टाकून दिल्यावर एकटीने मुलगा वाढविणाऱ्या मातेचा प्रश्न असाच आहे.

अशा मातेला पोटापाण्याच्या विवंचनेबरोबर आणखी एक भीती ग्रासते. हनफी परंपरेनुसार मुलाचे संगोपन सातव्या वर्षापर्यंत आईकडे असते. पुढे पित्याचा हक्क मानला जातो. ज्याने कधी विचारपूस केली नाही, तोच एके दिवशी येऊन मुलगा घेऊन जाईल, ही धास्ती तिच्या मनात घर करून राहते.

या बाबतीत कायदा काय सांगतो?

१८९० चा पालक व पाल्य अधिनियम सर्व धर्मीयांना लागू आहे. पालक नेमताना बालकाचे हित पाहावे आणि जाणत्या मुलाची इच्छाही विचारात घ्यावी, असे त्याचे कलम १७ सांगते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नऊ वर्षांच्या एका मुस्लिम मुलाचा ताबा आईकडेच ठेवला. वैयक्तिक कायद्यापेक्षा बालकाचे कल्याण श्रेष्ठ, हे त्या निर्णयाचे सार होय.

निर्वाहाचा मार्गही खुला आहे. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगीच्या सर्वसाधारण तरतुदीचा आधार घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. पती सीमेपलीकडे वापी वा उंबरगाव येथे राहात असला, तरी स्त्रीला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. एकपालक बालकांसाठी राज्याची बालसंगोपन योजनाही आहे.

आपले कर्तव्य

शिक्षकांनी पित्याच्या सहीसाठी मुलाला परत पाठवू नये. तो आईजवळ राहून नियमित शिकतो, ही शाळेची साधी नोंद उद्या न्यायालयात तिच्या उपयोगी पडू शकते. पंचायत सदस्यांनी अशा मातांना तालुका विधी सेवा समितीपर्यंत पोहोचवावे. हक्क कायद्याने दिला आहे. तो तिच्या उंबरठ्यापर्यंत नेणे मात्र आपल्याच हाती आहे.