चौऱ्याऐंशी तपासण्यांत नसलेली एक

भाऊकाकांना रात्री लघवीला चार-चार वेळा उठावं लागायला लागलं, तेव्हा त्यांच्या मुलाने फोनवरून ‘फुल बॉडी चेकअप’ मागवलं. ८४ तपासण्या, अडीच हजार रुपये, घरी येऊन रक्त नेलं. अठरा पानी रिपोर्टात ड जीवनसत्त्व होतं, बी-१२ होतं, थायरॉइड होतं आणि लाल अक्षरांत पीएसए ६.२. बारा वर्षं मधुमेह असलेल्या या माणसाच्या लघवीतलं अल्ब्युमिन मात्र कुणी मोजलंच नव्हतं.

मूत्रपिंड आणि प्रोस्टेटच्या बाबतीत सगळ्यात कामाच्या तपासण्या बऱ्याच स्वस्त आहेत. खिसा रिकामा होतो तो त्यांचा क्रम चुकल्याने. खालचे आकडे पुण्यातल्या खासगी केंद्रांचे आणि ढोबळ आहेत. तालुक्याच्या गावी कमी पडतील, मोठ्या रुग्णालयात जास्त.

आधी मूत्रपिंड. क्रिएटिनिनला १५० ते ३०० रुपये. त्याच कागदावर ईजीएफआर छापून मागा. ती वेगळी तपासणी नाही, वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून केलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा हिशेब आहे, तेव्हा त्याचे निराळे पैसे देऊ नका. नुसतं क्रिएटिनिन फसवतं. तीस वर्षांच्या तरुणाचं १.१ आलं, तर २०२१च्या सूत्राने त्याचा ईजीएफआर ९३च्या आसपास निघतो. सत्तरीच्या आजींचं तेच १.१ आलं, तर ५४. रिपोर्टावर दोघांच्याही पुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं असू शकतं. साठच्या खालचा आकडा तीन महिने टिकला, तर तो मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात.

दुसरी तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची, म्हणजे एसीआर. ४०० ते ७०० रुपये, सकाळची पहिली लघवी उत्तम. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा या दोन्ही करायच्याच. दोन्ही मिळून हजाराच्या आत बसतात. एसीआर ३०च्या वर गेलं, तर घाबरून जाण्याआधी ते पुन्हा करून घ्या. ताप, जोरदार व्यायाम, लघवीतला जंतुसंसर्ग यांनीही ते वाढतं.

प्रोस्टेटसाठी पोटाची सोनोग्राफी, १,००० ते १,८०० रुपये. नोंदणी करतानाच ‘लघवी करून आल्यावर उरलेली किती, तेही बघाल ना?’ असं विचारा. नाहीतर निम्मं काम राहून जातं. केंद्रावरचं दृश्य ठरलेलं असतं. बाटलीभर पाणी पिऊन आठ-दहा माणसं मांडीवर मांडी घट्ट दाबून बसलेली, आतून नाव पुकारेपर्यंत दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे नजर. भाऊकाकांचा नंबर दीड तासाने लागला आणि लघवी केल्यावरही १८० मिलिलिटर उरलेली दिसली. मूत्राशय असं ताणलं गेलं की ते नीट रिकामं होत नाही आणि आकडा खोटा मोठा येतो. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा लघवीला जाऊन यायला सांगितलं, तेव्हा ४० उरली. हे दुसऱ्यांदा बघणं फुकट असतं, फक्त मागावं लागतं.

आता ते लाल अक्षरातलं पीएसए. ५०० ते ९०० रुपये. हे प्रथिन प्रोस्टेटचं आहे, कर्करोगाचं नव्हे. ग्रंथी वयाने वाढली तरी ते चढतं, जंतुसंसर्गाने तर हमखास. संसर्ग बरा झाल्यावर सहा आठवडे थांबून पुन्हा करा. आधीचे दोन दिवस वीर्यस्खलन टाळा. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड बऱ्याच महिन्यांपासून चालू असेल, तर डॉक्टरांना सांगा. या गोळ्या पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात, त्यामुळे ‘बरं आहे’ वाटणारा आकडा प्रत्यक्षात दुप्पट धरावा लागतो. भाऊकाकांच्या लघवीच्या कल्चरमध्ये (६०० रुपये) जंतू सापडले. औषधानंतर सहा आठवड्यांनी पीएसए ३.१ आलं. मधल्या काळात एका नातेवाइकाने बायोप्सीची तारीखही सुचवली होती.

पुन्हा केल्यावरही जास्त आलं, तर आधी एमआरआय, मग गरज असेल तरच बायोप्सी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात एमआरआय आधी केलेल्या गटातल्या सुमारे २८ टक्के पुरुषांची बायोप्सी टळली. प्रोस्टेटच्या एमआरआयला ७,००० ते १२,००० रुपये पडतात, त्यात शिरेतून द्यायच्या औषधाचा (कॉन्ट्रास्टचा) वाटा असतो. २०२५च्या ‘प्राइम’ अभ्यासात त्या औषधाविना केलेल्या एमआरआयनेही महत्त्वाचे कर्करोग तितकेच सापडले, दोन्हीकडे २९ टक्क्यांच्या आसपास पुरुषांत. अट एकच, चित्रं चांगल्या प्रतीची हवीत. तेव्हा ‘कॉन्ट्रास्ट लागेलच का?’ हा प्रश्न मूत्रतज्ज्ञांना जरूर विचारा. मूत्रपिंड अशक्त असेल, तर तो आणखी महत्त्वाचा.

बायोप्सी साधारण १५,००० ते ३५,०००. इथे फसगत ठरलेली. सांगितलेल्या रकमेत तुकड्यांची पॅथॉलॉजी, भूल आणि दिवसभराची खोली आहे का, ते लिहून घ्या. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावणं नियमाने बंधनकारक आहे, बघायला लाजू नका.

पैसे नसतील तर वाट आहे. ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट तिथल्या समाजसेवकांना भेटा, काउंटरवर वाद घालत बसू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी आहे, नुसत्या तपासण्यांसाठी कार्ड पुढे केलं तर बहुधा निराशा होते.

खासगी विम्याचंही तसंच. पण पुढे भरती व्हावंच लागलं, तर त्या आजारासाठी आधीच्या तीस दिवसांत (काही पॉलिसींत साठ) केलेल्या तपासण्यांचे पैसे बहुतेक वेळा परत मिळतात. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी आणि पावती एकत्र टाचून ठेवा. चिठ्ठीशिवायची पावती विमा कंपनी हमखास बाजूला काढते. भाऊकाकांच्या त्या अडीच हजारांच्या पॅकेजला चिठ्ठीच नव्हती. त्यांचं एसीआर शेवटी दोनदा केलं, ११० आणि ९६. त्यासाठी गोळी चालू आहे.