बेसमेंटची खिडकी आणि आईबाबा

मने, फोटो पाहिले गं. न्यू जर्सीतलं 1952 सालचं घर आणि बेसमेंटच्या खिडक्या अजून मूळच्याच! लोखंडी चौकट, एकेरी काच, खाली गंजाचे पोपडे. हिवाळ्यात त्या काचांवरून पाणी ओघळतं तेव्हा भिंत गळतेय असं वाटून घाबरू नकोस. बहुतेक वेळा घरातलीच दमट हवा गार काचेवर पाणी होऊन बसते.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय ना, सगळीकडे ग्लास ब्लॉक बसवू, चोराची भीती नको? थांब जरा. मे महिन्यात आईबाबा आले की झोपणार कुठे? खालीच ना, त्या नव्या पलंगावर? मग तिथली एक तरी खिडकी दार म्हणून चालली पाहिजे. रात्री जिन्यात धूर भरला तर बाहेर पडायचं कुठून? ग्लास ब्लॉक काही उघडत नाही.

इथल्या कोडात साधारण असं माप असतं: खिडकी उघडल्यावर 5.7 चौरस फूट मोकळी जागा, रुंदी निदान 20 इंच, उंची 24, आणि खालची कड जमिनीपासून 44 इंचांच्या वर नको. यात गंमत बघ. 20 गुणिले 24 केलंस तर साडेतीन चौरस फूटसुद्धा भरत नाहीत. म्हणजे दोन्ही मापं कमीत कमी ठेवून भागत नाही. टाऊनच्या ऑफिसात जाऊन नक्की नियम विचार आणि परमिट काढ. खिडकी मोठी करायला पायाची भिंत कापायची आहे, वर लिंटेल लागणार. खणण्याआधी 811 ला फोन कर, गॅसची नळी कुठून गेलीय ते खुणा करून देतात.

बाकीच्या खिडक्यांना हवं तर ग्लास ब्लॉक बसव, नाहीतर आत कलणारी हॉपर. माप तीन ठिकाणी घे आणि सर्वांत लहान धर. जुनी भोकं कधीच काटकोनात नसतात. घर 1978 च्या आधीचं, त्यामुळे रंगात शिसं असू शकतं. घासाघाशी तू करू नकोस, सर्टिफाइड माणूस बोलाव. आणि फटीत भरायचा फोम खिडक्यांसाठीचा, कमी फुगणाराच घे. मी स्वस्तातला घेतला होता. फुगून चौकट अशी वाकली की नवी कोरी खिडकी उघडेना. तुझे भावोजी अजून चिडवतात.

त्या मोठ्या खिडकीबाहेर जो खड्डा खणावा लागेल, त्याला हे लोक वेल म्हणतात, म्हणजे विहीरच. तळाशी खडी घाल, पाणी मुरायला वाट ठेव, नाहीतर खरोखरच विहीर होईल. खड्डा 44 इंचांहून खोल झाला तर शिडीही लागते.

आई आली की तिला एकदा त्यातून बाहेर काढून बघच. गाऊन सावरत, गुडघे धरत चढेल आणि वर पोचल्या पोचल्या मला फोन करून तुझी तक्रार करेल.