पाऊस आणि पीक यांचें नातें कसें पारखावें

ज्या सालीं पाऊस अधिक त्या सालीं बाजरी अधिक, असें आपण सहज बोलून जातों आणि त्यावर पुढील सालच्या पेऱ्याचा बेत ठरवितों. तालुका कचेरींत पर्जन्यमापकाचे आंकडे व गांवोगांवची पैसेवारी लिहिण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं. दोन रकाने बरोबरीनें चढतांना दिसले म्हणजे त्यांचें नातें सिद्ध झालें असें नव्हे, एवढें तेथें शिकलों.

ही पारख गणितानें होते. समजा (आंकडे केवळ उदाहरणाचे), पांच सालांत पाऊस ४०, ४५, ५०, ५५, ६० सेंटिमीटर पडला आणि बाजरी एकरीं ४, ३, ६, ५, ७ क्विंटल झाली. सरासऱ्या अनुक्रमें ५० व ५. प्रत्येक सालचा सरासरीपासूनचा फरक काढावा. पावसाचे फरक उणे १०, उणे ५, ०, ५, १०. बाजरीचे उणे १, उणे २, १, ०, २. त्या त्या सालच्या दोन फरकांचा गुणाकार करून सर्वांची बेरीज घ्यावी. ती ४० येते. पावसाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २५०, बाजरीच्या १०. या दोहोंच्या गुणाकाराचें वर्गमूळ ५०. चाळिसास पन्नासांनीं भागिलें म्हणजे ०.८. हाच कार्ल पिअर्सन यांनीं १८९६ सालीं मांडलेला सहसंबंध-गुणक. तो उणे १ पासून अधिक १ पर्यंत असतो.

०.८ पाहून कोणीही हुरळेल. परंतु पावसाचा व पिकाचा मुळींच संबंध नसला, तरी पांच सालांच्या नोंदींत एवढा गुणक, चढता वा उतरता, निव्वळ योगायोगानें शंभरांत सुमारें दहा वेळां येतो. ही शक्यता शंभरांत पांचांच्या आंत आणावयाची तर पांच सालांस गुणक निदान ०.८७८ हवा, दहा सालांस ०.६३२ पुरतो. म्हणजे आपला ०.८ येथें नापास. तोच दहा सालांच्या नोंदींवरून आला असता तर खुशाल मानावा. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील गव्हावर पावसाचा परिणाम रोनाल्ड फिशर यांनीं १९२४ सालीं तपासिला, तो अनेक दशकांच्या नोंदींच्या बळावर.

आणखी एक. हा गुणक सरळ रेषेचेंच नातें ओळखतो. बाजरीस पाऊस थोडा झाला तरी तोटा, अति झाला तरी तोटा. असें चढून उतरणारें नातें भक्कम असूनही गुणक शून्याजवळ येऊं शकतो. म्हणून आधीं चौकटीच्या कागदावर सालागणिक एक ठिपका मांडून पाहावा, मग गणितास हात घालावा. आणि चांगल्या पावसाच्या सालीं लोक खतही सढळ हातानें टाकतात. वाढ पावसाची कीं खताची, हें गुणकास विचारूं नये.