अंतराळातील ताट

अंतराळयात्रा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर अग्निबाण, उपग्रह आणि अवघड गणिते उभी राहतात. त्या यानातला माणूस जेवतो काय, हा विचार सहसा मनात येत नाही. वास्तविक हा प्रश्न विज्ञानाइतकाच संस्कृतीचाही आहे. म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही त्याकडे पाहावयास हवे.

पहिली अडचण वजनरहित अवस्थेची. आपली वाळलेली भाकरी यानात मोडली, तर तिचे कण खाली न पडता तरंगत राहतील आणि डोळ्यांत किंवा यंत्रांत शिरतील. १९६५ साली ‘जेमिनी-३’ यानात जॉन यंग यांनी गुपचूप नेलेल्या सँडविचचा असाच चुरा उडाला होता. पुढे १९८५ मध्ये मेक्सिकोचे अंतराळवीर रोडोल्फो नेरी वेला यांनी टॉर्टिया, म्हणजे त्यांच्याकडच्या पोळ्या, बरोबर नेल्या. त्यांचा चुरा होत नाही, हे पाहून अमेरिकन यानांत पावाऐवजी त्याच रूढ झाल्या. एका माणसाच्या घरच्या आवडीने सर्वांचा प्रश्न सोडविला!

दुसरी अडचण टिकाऊपणाची. अन्न साध्या तापमानात महिनोन्महिने टिकले पाहिजे. मराठवाड्यात उन्हाळ्यात सांडगे, कुरडया वाळवितात. त्यामागचे तत्त्व येथेही लागू पडते. ओलावा नसला की सूक्ष्मजंतू वाढत नाहीत. मात्र उन्हाऐवजी येथे अन्न गोठवून निर्वात पोकळीत ठेवतात. त्यातील बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते, त्यामुळे आकार व चव बरीचशी टिकते. खाताना गरम पाणी घातले की झाले.

तिसरी अडचण चवीची. अंतराळात शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो, सर्दी झाल्यासारखे नाक चोंदते आणि जेवण अळणी लागते. म्हणून अनेक अंतराळवीर झणझणीत पदार्थ मागतात. मीठ व मिरपूडही भुरभुरता येत नाही. मीठ पाण्यात, तर मिरपूड तेलात मिसळून देतात.

या सर्व अटी सांभाळून जपानने आपले पदार्थ सिद्ध केले. २००५ साली सोइची नोगुची यांच्यासाठी तयार केलेल्या रामेन शेवयांचे घासाएवढे गोळे केले होते, रस दाट केला होता आणि उकळत्या पाण्याऐवजी सुमारे ७० अंशांच्या पाण्यात त्या शिजतील अशी योजना होती. याहून उद्बोधक उदाहरण फुकुई प्रांतातील ओबामा गावच्या शाळकरी मुलांचे. आपल्या शाळेत डबाबंद केलेला बांगडा अंतराळात जाऊ शकेल काय, असा प्रश्न त्यांना पडला. एका तुकडीने दुसरीकडे काम सोपवीत रस दाट करण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे चालविले. २०१८ मध्ये जपानच्या अंतराळ संस्थेने त्या डब्याला मान्यता दिली आणि २०२० मध्ये नोगुचींनी तो अंतराळस्थानकात खाल्ला. प्रश्न विचारणारी मुले तोवर केव्हाच शाळेबाहेर पडली होती.

आपल्याकडे हे काम म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने केले. १९८४ मध्ये राकेश शर्मा यांच्यासाठी तिने रव्याचा हलवा, पुलाव व बटाटा-छोले दिले. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला यांनी गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला व तो परदेशी सहकाऱ्यांनाही दिला. आमरस तेथवर पोहोचला, याचा आपल्याला आनंद वाटणे साहजिकच आहे.

परंतु आनंदाबरोबर विचारही व्हावा. पोषणाचे कोष्टक गोळ्यांनीही भरता येईल. तरीही शास्त्रज्ञ हलव्यासाठी एवढे कष्ट घेतात. कारण घरापासून दूर, बंद जागेत राहणारा माणूस कंटाळून कमी जेवू लागला, तर त्याचे बळ व कामगिरी दोन्ही घटतात. ओळखीची चव म्हणजे केवळ चैन नव्हे. आपल्या ज्वारीच्या भाकरीलाही त्या ताटात जागा मिळवायची, तर तिचा चुरा कसा रोखावा, ती लवचीक कशी राहावी, याचा शोध कोणीतरी घेतला पाहिजे. ओबामाच्या मुलांनी तो आपल्या बांगड्यासाठी घेतला. आणि त्यांच्याजवळ आरंभी होती ती फक्त शाळेतली डबे भरण्याची खोली.