वारा उष्णतेवांचून वाहील काय?

वारा कां वाहतो असें वर्गांत विचारिलें कीं एकच उत्तर येतें: सूर्य भूमि तापवितो, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यास थंड हवा धांवते. उत्तर बरोबर आहे. परंतु केवळ रसायनाच्या बळावर वारा वाहूं शकेल काय?

एक प्रयोग करून पाहा. ओल्या परीक्षानळीच्या आंत लोखंडाचा चुरा चिकटवा व ती पाण्यांत उपडी ठेवा. कांहीं दिवसांत चुरा गंजतो आणि पाणी नळींत सुमारें पांचव्या हिश्शापर्यंत चढतें. लोखंडानें प्राणवायु शोषिला. आंतील दाब उतरला. बाहेरील दाबानें पाणी आंत लोटलें.

आतां नळीऐवजीं एक ग्रह कल्पा. त्याच्या एका अर्धांत गंजणारें लोखंड, दुसऱ्यांत प्राणवायु सोडणाऱ्या वनस्पति. एकीकडे हवा सरेल, दुसरीकडून ती धांवेल आणि मध्यें वारा वाहील. मात्र सर्व लोखंड गंजलें कीं तो थांबेल. आणि वनस्पतींना तरी बळ कोण देतो? सूर्यप्रकाशच. म्हणजे रसायनाच्या घड्याळासहि किल्ली सूर्याचीच!

आपल्या पृथ्वीवर वाऱ्याचा रथ उष्णताच ओढते. पण लगाम कधीं कधीं रसायनाच्या हातीं जातो. उंच वातावरणांतील ओझोन वायु सूर्याचे अतिनील किरण शोषून तेथील हवा ऊबदार ठेवितो. शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरलेल्या वायूंतील क्लोरीन त्याचा नाश करील, असा इशारा मोलिना व रोलंड यांनीं १९७४ सालीं दिला. १९८५ सालीं फार्मन, गार्डिनर व शँकलिन यांनीं अंटार्क्टिकावरील ओझोन वसंतऋतूंत फार घटतो असें दाखविलें. ओझोन घटला, तेथील उंच हवा अधिक थंड झाली आणि उन्हाळ्यांत त्या खंडाभोंवतीं वाहणारे पश्चिमेचे वारे ध्रुवाकडे सरकले. घरांतील एका डब्यांतल्या वायूचा हात एवढा लांब पोहोंचला!

१९८७ सालीं माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करार करून ते वायु हळूहळू बंद करण्याचें ठरविलें. आज ओझोन सावकाश भरून येत आहे. मुलांनो, चूक ज्ञानानें कळली व एकजुटीनें सुधारूं लागली. म्हणून लहान कृतीस क्षुल्लक मानूं नका. तिचा वारा कोठवर जाईल, हें आधीं विचारा.