निसर्गपरिचय : वारुळावरील भूछत्र
(इयत्ता ४ थी व ५ वी)

उद्देश : वारुळावरील भूछत्राची ओळख करून देणे, व केवळ रूपावरून कोणतेही भूछत्र खाण्याजोगे ठरवू नये, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे.

विषयविवेचन : पावसाळ्यात चांगली ओल झाली, की परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावांच्या शिवारात वारुळांवर व बांधांवर भूछत्रे उगवतात. वारूळ मुंग्यांचे किंवा सापाचे, असा मुलांचा समज असतो. वस्तुतः ते बहुधा वाळवीने बांधलेले असते. वाळवी पालापाचोळा व लाकूड खाऊन आपल्या विष्ठेचे जाळीदार पोळे रचते. त्यावर बुरशी वाढते व तीच वाळवीचे अन्न होते. पाऊस पडल्यावर त्याच बुरशीचे छत्र जमिनीबाहेर येते. या प्रजातीस फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली टर्मिटोमायसीस असे नाव दिले. गोव्यात ही अळंबी आवडीने खातात.

ओळखण्याच्या खुणा : छत्राच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो. देठ मुळासारखा निमुळता होत वारुळातील पोळ्यापर्यंत खोल गेलेला असतो. बीजाणूंचा रंग फिकट गुलाबी असतो. याउलट गवतात उगवणाऱ्या एका मोठ्या विषारी भूछत्रावर तपकिरी खवले व देठावर कडे असते. त्याचे बीजाणू हिरवट असतात. मात्र कोवळेपणी त्याचे पडदे पांढरेच दिसतात. फसगत होते ती येथेच.

प्रयोग : शिक्षकांनी स्वतः एक उमललेले छत्र आणावे. देठ कापून पडद्यांची बाजू खाली करून ते अर्धे पाटीवर व अर्धे पांढऱ्या कागदावर ठेवावे व वाडग्याने झाकावे. दुसऱ्या दिवशी उमटलेल्या ठशाचा रंग मुलांस दाखवावा. नंतर सर्वांनी हात धुवावेत. वारुळात साप असू शकतो. म्हणून मुलांस तेथे हात घालू देऊ नये.

विशेष सूचना : चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तरच भूछत्र विषारी, किंवा किड्याने खाल्लेले ते निर्धोक, या समजुती खोट्या आहेत. काही विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत. अत्यंत घातक विषाची लक्षणे सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. उलट्या थांबून बरे वाटले, तरी आत यकृत बिघडत असते. म्हणून कोणी अनोळखी भूछत्र खाल्ल्यास लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर कळवून त्यास रुग्णालयात न्यावे व उरलेले भूछत्र सोबत द्यावे.

स्वाध्याय :
१. वाळवी व बुरशी एकमेकांस कशा उपयोगी पडतात?
२. वारुळावरील भूछत्राची आकृती काढून भागांस नावे द्या.
३. भूछत्राविषयीच्या समजुती घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून लिहा व त्यांवर वर्गात चर्चा करा.