'अमोक' : एका क्रोधवाचक शब्दाचे अर्थांतर

अनावर क्रोधाच्या आकस्मिक उद्रेकासाठी इंग्रजीत रूढ झालेला 'अमोक' हा शब्द मूळचा मलय भाषेतील 'आमुक' होय. मलय परंपरेत प्राणांची पर्वा न करता शत्रूवर तुटून पडणाऱ्या योद्ध्याशीही त्याचा संबंध होता. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज लेखनातून तो युरोपात पोहोचला. इंग्रजीत त्यातील आद्य 'अ' हे उपपद समजले जाऊन 'मक' असे स्वतंत्र नाम कल्पिले गेले. ड्रायडनच्या १६८७ मधील काव्यात ते आढळते. पुढे वासाहतिक वैद्यकाने 'अमोक' हा मनोविकार ठरविला, तर बोलीत तो बेफाम मुलांनाही लावला जाऊ लागला. सारांश, इंग्रजीने उद्रेकाचे दृश्य रूप स्वीकारले. त्यामागील कारण व प्रतिष्ठा मात्र मूळ भाषेतच राहिली.